बैलांची साक्ष

आमच्या साहेबांच्या शेरवानीची उजवी बाही खांद्याला शिवलेली नव्हती, बटनांनी लावलेली होती. पाच बटनं. हिंगोलीच्या ज्या शिंप्यानं ती शेरवानी शिवली त्यानं म्हणे तीनदा विचारलं, "साहेब, बाही काढता यावी, ती कशापायी?" साहेब म्हणाले, "अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालायचा असतो, शेरवानी न्हाई." त्या दिवसापासून साहेबांचं माप शिंपी हातभर लांब उभा राहून घ्यायचा.

ती बाही एरवी त्यांच्या डाव्या खिशात घडी करून असायची. कोणी मोठा अंमलदार आला की बटनं लावून हजर. एकदा एका लग्नात ते तसेच एका बाहीनं पंगतीला बसले. वाढप्यानं दोनदा वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी खिशातून बाही काढून त्याला दाखवली आणि म्हणाले, "हाय, हाय. हरवली न्हाई."

निजामाच्या अमलात हिंगोलीच्या जनावरांच्या दवाखान्याला उर्दूत एक लांबलचक नाव होतं. पाटीवर ते नाव मावत नव्हतं आणि गावकऱ्यांच्या तोंडातही. लोक सरळ 'ढोरांचा दवाखाना' म्हणायचे, आणि तिथल्या डॉक्टरला, म्हणजे आमच्या साहेबांना, सालोतरी. मी तिथं उमेदवार होतो. एक वर्ष साहेबांच्या हाताखाली ड्रेसरचं काम शिकायचं: जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, औषध पाजायचं, बैल पाडून धरायचा. वर्ष भरलं की साहेब शिफारशीचा कागद देणार, तो परभणीच्या कचेरीत दाखवला की सनद मिळणार आणि सनद मिळाली की नोकरी. कागद नाही मिळाला तर परत बाळापूरच्या बाजूला आमच्या गावी, वडिलांच्या जोंधळ्यात. आणि वडिलांनी तर मी घर सोडलं त्याच दिवशी गावभर सांगून टाकलं होतं, "आमचं पोरगं डागदर होऊन राहिलं." त्यामुळं परतीची वाट त्यांनीच बंद केलेली होती.

साहेब मूळचे औंढ्याचे. घराणं नागनाथाच्या देवळातलं, पूजेअर्चेचं. थोरले भाऊ आत पिंडीपाशी बसायचे. साहेब सांगायचे, "भाऊ देवापाशी, मी नंदीपाशी. घरात वाटणी बराबर झाली." त्यावरची त्यांची दुसरी मखलाशी मला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळाली. त्यांनी माझ्या हातात थर्मामीटर दिलं आणि गाईचा ताप बघायला सांगितलं. मी गाईच्या तोंडाकडं निघालो. साहेबांनी माझा खांदा धरून मला उलटं फिरवलं.

"तिकडं न्हाई. आमच्या औंढ्याला नंदी देवळाच्या मागं बसतो, ठाऊक हाय ना? आपलं काम बी मागूनच सुरू होतं."

मग गाईनं शेपटीनं माझ्या तोंडावर शिक्का मारला आणि माझी उमेदवारी सुरू झाली.

साहेबांची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे त्यांची बोली. माणसांशी ते रांगडं मराठी बोलायचे, अरे-तुरे, वेळप्रसंगी त्याहून खालचं. जनावरांशी मात्र हैदराबादच्या दरबारात शोभावं असं उर्दू. दारात लंगडी म्हैस आली की हे उठून उभे. "आइए बेगमसाहेब, तशरीफ लाइए. तकलीफ कबसे है?" म्हशीचा मालक उत्तर द्यायला पुढं झाला की, "ए, मागं सर. तुला कोणी इचारलं?"

मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, जनावराला आप-आप काहून म्हणता?"

"माणसाला शिवी दिली तर तो उलटी शिवी देतो. जनावर लाथ देतं. तू कधी म्हशीची लाथ खाल्ली का?"

"न्हाई."

"मग आधी खा. मंग अदब आपोआप येती."

ती मी त्याच आठवड्यात खाल्ली. अदब मात्र यायला वेळ लागला.

दवाखान्याचं रजिस्टरही त्यांच्या बोलीसारखंच होतं. नावाच्या खान्यात ते जनावराचं नाव लिहायचे, हौशी, पाखऱ्या, चिंतामण. आणि मालकासाठी शेवटी एक चिंचोळा खाना, त्यावर लिहिलेलं 'सोबत आलेला इसम'. एखाद्या बैलाला नाव नसलं तर मालकाला तिथंच उभं करून बारसं करायला लावायचे. "बिननावाच्या रोग्याला मी औषध देत न्हाई." मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. बैल तो बैल. रंग लिहिला, शिंग लिहिलं, झालं.

तिसरी तऱ्हा माझ्या पोटावर आली. जनावराला जे पाजायचं ते आधी उमेदवारानं चाखायचं, हा त्यांचा नेम. चिरायता, ओवा, काळं मीठ, हिंग घातलेलं ताक, काहीही. "जे तुझ्या घशाखाली उतरत न्हाई, ते त्याच्या गळ्यात नळकांडं खुपसून काहून ओततो? आधी चव घे, मंग हात हलका होईल." कळमनुरीच्या एका बैलाचं पोट तीन दिवस कोंडलं होतं. त्याला एरंडेल द्यायचं होतं. साहेब म्हणाले, "चाख." चाखायचं म्हणजे बोट बुडवायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि साहेबांपुढं आपली छाप पडावी म्हणून मी तांब्याभर एरंडेल एका दमात रिकामं केलं. बैल संध्याकाळपर्यंत मोकळा झाला. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होत राहिलो. रजिस्टरात त्या दिवशी साहेबांच्या हातची नोंद आहे: 'दोन रोगी. दोघांनाही गुण.'

असा मी, अशी माझी अक्कल, आणि पोळ्याच्या तोंडावर साहेबांनी माझ्यावर एक अख्खं गाव सोपवलं.

झालं असं की कयाधूच्या पलीकडच्या एका गावात बुळकांडी आली. बुळकांडी म्हणजे गुरांची पटकी. एकदा गोठ्यात शिरली की दावी रिकामी करूनच निघायची. नदीच्या अलीकडच्या गावात गाई-वासरांना आधीच्या खेपेला लस टोचून झाली होती. बैल तेवढे राहिले होते. गावात मोजून चौसष्ट बैल. परभणीहून रेल्वेनं लस आली, लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या बर्फात, मोजून चौसष्ट मात्रा. महायुद्धाचे दिवस होते. एक मात्रा जास्त मागितली तर कचेरी चार पत्रं मागायची.

नेमका त्याच दिवशी वसमतला कोण्या अंमलदाराचा घोडा आडवा झाला आणि साहेबांना तिकडं जावं लागलं. जाताना त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. "एक, ज्याला टोचशील त्याचं नाव लिही. मालकाचं न्हाई, त्याचं. दोन, टोचून झालं की कानामागचे केस कातरीनं दोन बोटं काढ. म्हंजे कोण झाला, कोण राहिला, ते कळतं. उद्या सकाळी मी येतो."

मी गावात पोचलो. तो खांदेमळणीचा दिवस, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. वर्षभर जू ओढलेले खांदे त्या दिवशी हळद-तुपानं मळतात आणि बैलाच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." लोकांचं सगळं ध्यान बैल नदीवर न्यायच्या घाईत. मी चावडीसमोर पेटी मांडली आणि मिळेल तो बैल टोचायला घेतला.

पाच बैलांचे केस कातरून माझी बोटं दुखली. कातरी बोथट आणि बैल अधीर. तेव्हा मला एक नामी युक्ती सुचली. टोचलेल्या बैलाच्या शिंगाला गेरूचा पट्टा ओढायचा! लांबून दिसणार, झटक्यात होणार. आणि गेरू शोधायलाही लागला नाही. त्या दिवशी गावात घरोघरी वाडगी भरभरून गेरू कालवलेला होता. एवढा गेरू सगळ्यांनी एकाच दिवशी का कालवला असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला. ज्यानं दरवर्षी पोळ्याच्या सकाळी स्वतःच्या हातानं बैलांची शिंगं रंगवली होती.

नावांचंही तसंच. त्या भागातले बैल सगळे लाल कंधारी, शेपटीच्या गोंड्यापर्यंत तांबडे. मी रजिस्टरात लिहीत गेलो: बैल, तांबडा. बैल, तांबडा. पंधरा झाल्यावर कंटाळून लिहिलं, 'वरीलप्रमाणे'.

दिवस कलताना एका बैलानं मागचा पाय असा काही झाडला की माझ्या हातातली भरलेली पिचकारी चिखलात. पिचकारी फुटली नाही, पण मात्रा सगळी मातीत. तो बैल धरून आणणारा गडी हसत हसत बैलासकट नदीकडं पसार. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी पिचकारी धुतली, रजिस्टर उघडलं आणि शांतपणे लिहिलं: वरीलप्रमाणे. चाळिसावा. तेवढ्यात अंधारून आलं, उरलेले बैल नदीवर गेले, आणि मी चाळीस बैलांच्या समाधानानं चावडीत झोपलो.

सकाळी साहेबांचा टांगा आला तेव्हा मारुतीच्या पारासमोर तोरण बांधून झालं होतं आणि बैल जमत होते. झुली, गोंडे, घुंगुरमाळा, कपाळाला बाशिंग. आणि शिंगं. चौसष्ट बैल, एकशे अठ्ठावीस शिंगं, सगळी बुडापासून टोकापर्यंत गेरूनं लालभडक.

"किती झाले?" साहेबांनी विचारलं.

"चाळीस, साहेब. शिंगाला... गेरू लावलाय."

साहेबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. "बराबर. गेरू तर समद्यांनाच हाय. म्हंजे तू चौसष्ट टोचले आन् चोवीस मात्रा उरवल्या. लेका, तू चमत्कार करून राहिला."

मग त्यांनी रजिस्टर मागितलं. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. 'वरीलप्रमाणे'वर बोट ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले. पाच बैलांच्या कानामागचे केस तेवढे कातरलेले सापडले.

उरलेले कोण ते मालकांनीच सांगावं, तर तिथं दुसरीच अडचण. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगाला चाबूक लागत नाही, जू लागत नाही. सुई कोण लावू देणार? साहेबांनी पुकारा केला आणि एकजात सगळ्यांनी सांगितलं, "आमचे तर कालच झाले की!" पाटलांचं सगळ्यात मोठ्यानं. पाटील म्हणजे भला माणूस, पिळदार मिशा, हातात मानाच्या बैलाचा कासरा. "साहेब, माझा सरदार तर समद्यात पहिला टोचला तुमच्या पोरानं. इचारा त्याला."

मला तर पाटील काय आणि सरदार काय, काहीच आठवत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं नुसतं तांबडं होतं.

सगळ्या गावात एकच बाई वेगळं बोलली. चंद्राबाई नावाची एक म्हातारी, एका बैलाची धनीण. शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावून शेत करायची. ती म्हणाली, "माझ्या गुणवंताला न्हाई टोचलं बाबा. म्या दुपारलाच त्याला नदीवर नेलतं."

साहेब पारावर बसले. टोपी काढून बाजूला ठेवली. पेटीतला बर्फ मूठभर उरला होता. दुपारनंतर ती लस म्हणजे पाणी. आणि नदीपलीकडून सकाळीच निरोप आला होता की तिथं आणखी एक दावण रिकामी झाली.

थोड्या वेळानं ते उठले, उजवी बाही काढून खिशात घातली. मी ओळखलं, आता काहीतरी होणार.

"पाटील, आज सण कुणाचा?"

"बैलांचा."

"मंग आज शब्द कुणाचा चालणार? तुमचा का त्यांचा?"

लोक हसले. पाटीलही हसले. "त्यांचा."

"लाख बोललात. मंग आपण बैलांनाच इचारू." त्यांनी माझा दंड धरून मला तोरणाखाली उभं केलं. "हा आरोपी. कालचाच कोट, कालचाच फिनेलचा वास, हातात कालचीच पेटी. ज्याच्या मानेत ह्यानं काल सुई खुपसली, तो ह्याला इसरायचा न्हाई. जो ह्याला बघून बिचकेल तो झालेला. जो बिचकणार न्हाई त्याला सुई. कबूल?"

गावाला ही कल्पना फारच आवडली. ढोलवाल्यानं तर विचारल्याशिवाय ढोलावर टिपरू मारलं. "कबूल!"

आणि मग मी, बाळापूरकडचा होऊ घातलेला डागदर, हातात पेटी घेऊन चौसष्ट बैलांपुढून ओळख पटवायला निघालो. मानाप्रमाणं पहिला सरदार. साहेब त्याच्यापुढं कमरेत वाकले. "हुजूर, इस शख्स को आप पहचानते हैं?"

सरदारानं मला हुंगलं. डोक्यापासून हुंगलं. मग लांब जीभ काढून माझ्या कोटाचं बटन चाटायला लागला.

गाव हसून फुटलं. "पाटील! तुमचा बैल तुमच्याइरुद्ध गेला की!" पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि बैलाला म्हणाले, "लेका, माझंच खाऊन माझ्यावरच उलटलास ना!"

दुसरा बैल मला बघताच दोन पावलं मागं सरला. ढोल वाजला. तिसऱ्यानं नाक फेंदारलं आणि फुस्स केलं. ढोल. चौथ्यानं शिंग घातलं, माझा कोट बगलेपासून फाटला आणि साहेबांनी आनंदानं पुकारलं, "हे साहेब अगदी पक्के ओळखतात!" कोणी बैल मान वळवून घेई, कोणी शेपटी वर करून माझ्याबद्दलचं मत तिथंच जमिनीवर मांडी. न टोचलेले मात्र कुतूहलानं मान पुढं करत, आणि मान पुढं आली की मालकाचं तोंड उतरे. एकेक खोटं उघडं पडत होतं आणि गाव इतकं हसत होतं की बायका दारातून पुढं येऊन बसल्या. साहेब प्रत्येक बैलाला तोच प्रश्न, त्याच अदबीनं विचारत होते. त्यांची मान एकदाही कमी वाकली नाही.

शेवटचा बैल झाला. दर बिचकलेल्या बैलामागं साहेबांनी एक खडा खिशात टाकला होता, ते खडे काढून त्यांनी मोजले. पुन्हा मोजले.

"एकोणचाळीस."

पुढचं गणित कोणालाही येण्यासारखं होतं. रजिस्टरात चाळीस. न ओळखणारे पंचवीस. मात्रा चोवीस.

पाटील म्हणाले, "एखादं जनावर इसरलं असंल, साहेब. त्या चंद्राबाईचा गुणवंता, लई गरीब जात हाय. तो कशालाच बिचकत न्हाई. त्यालाच काल टोचलं असंल. त्याला सोडा."

सगळ्यांना ते पटलं. साहेब खडे हातात खुळखुळवत माझ्याकडं बघत होते. मला सुटायला एवढंच पुरे होतं, की 'हो' म्हणून मान हलवायची. मग चाळीस बरोबर, रजिस्टर बरोबर, माझा कागद बरोबर.

चंद्राबाई गुणवंताच्या गळ्याखाली हात घालून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. "पोरा, तूच सांग. म्या खोटं काहून बोलू?"

मी तोंड उघडलं.

"साहेब, एक मात्रा चिखलात सांडली. मी ती लिहून टाकली."

ढोलवाल्यानं सवयीनं टिपरू उचललं होतं. त्यानं ते हळूच खाली ठेवलं.

साहेबांनी खडे खिशात टाकले. "बराबर," एवढंच म्हणाले. मग गावाकडं वळले. "चंद्राबाईचा गुणवंता पहिला. बाकीच्यांत एकाला सुई मिळायची न्हाई. दुसरी मात्रा यायला आठ-नऊ दिस. तवर तो बैल गावाबाहेर, कोणत्याच जनावराशेजारी न बांधता ठेवायचा. कुणाचा ठेवू?"

हशा कुठल्या कुठं गेला. चोवीस मालक आपापल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून जमिनीकडं बघत राहिले.

मग पाटील खाकरले. "सरदार ऱ्हाऊ द्या."

"पाटील, मानाचा बैल हाय."

"म्हूनच. तोरणाखालून पहिला जायचं तेवढं आमी, आन् जोखमीला दुसऱ्याचा बैल? आन् आज खोटं बी म्याच आधी बोललो." मग मिशांच्या आडून माझ्याकडं बोट केलं. "पण राखायला हाच राहील."

असे माझे नऊ दिवस सुरू झाले. पाटलांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एक गोठा, एक छप्पर, सरदार आणि मी. गावातला सगळ्यात मानाचा बैल माझ्या हवाली. त्याला काही झालं असतं तर मला हिंगोलीतच काय, बाळापुरातही तोंड दाखवता आलं नसतं. सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, शेण बघायचं, डोळे बघायचे, तोंड उघडून हिरड्या बघायच्या, डाव्या कुशीवर मूठ ठेवून पोटाची घुसळण मोजायची. वैरण विहिरीच्या बाजूनं आलेली, पाणी विहिरीचं, नदीचा थेंब नाही.

पाटील रोज बांधावरून यायचे. लांबूनच विचारायचे, "जेवला का?"

"हो, पाटील."

"तुला न्हाई. त्याला इचारून राहिलो."

पाचव्या दिवशी दुपारी थर्मामीटर पाहिलं. पारा दीड अंशानं वर. मी पाटलांच्या सालगड्याला बैलापाशी बसवलं आणि हिंगोलीच्या रस्त्यानं धावत सुटलो. तीन कोस. दवाखान्याच्या पायरीवर पडलो तेव्हा साहेब एका शेळीशी बोलत होते.

"साहेब, सरदारला ताप!"

"बैल सावलीत होता का उन्हात?"

मी आठवलं. "उन्हात."

"किती वेळ?"

"सकाळपासून, साहेब. मला वाटलं ऊन चांगलं."

साहेब शेळीकडं वळले. "माफ कीजिए, इसकी तालीम चल रही है." मग मला: "जा. सावलीत बांध. तासाभरानं बघ. आन् पळू नको, चालत जा. न्हाईतर उद्या तुझाच ताप बघाया लागंल."

मी पळतच गेलो. बैल सावलीत रवंथ करत होता आणि पारा जिथं हवा तिथं होता. त्या संध्याकाळी मी त्याच्यापाशी बसून बराच वेळ बोललो. काय बोललो ते सांगत नाही. पण मी त्याला 'आप' म्हणत होतो हे मला बऱ्याच वेळानं कळलं, आणि मी इकडंतिकडं बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

नवव्या दिवशी साहेब एक मात्रा घेऊन आले. मी कानामागचे केस दोन बोटं कातरले, नीट, चौकोनी. टोचलं. रजिस्टरात लिहिलं: सरदार. रंग तांबडा, उजव्या डोळ्याखाली फिक्कट ठिपका, कशाचंही बटन चाटण्याची सवय. साहेबांनी वाचलं आणि रजिस्टर मिटून काखेत मारलं. बुळकांडीनं नदीपलीकडची दोन गावं धुऊन नेली. अलीकडं एकही बैल गेला नाही.

वर्ष भरलं तेव्हा साहेबांनी मला एक बंद पाकीट दिलं. "परभणीला दे. वाटेत फोडलं तर वाट बाळापूरची हाय." मी फोडलं नाही. पण पूर्णा स्टेशनावर गाडी बदलताना ते इतक्या वेळा उन्हापुढं धरलं की बाकावरच्या बाईनं विचारलं, "लग्नाची चिठ्ठी हाय का?"

कचेरीतला कारकून म्हातारा होता, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यानं पाकीट फोडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला. उर्दूत होतं, मराठीत त्याचा मतलब असा: 'सदर इसमानं तांब्याभर एरंडेल प्यायलं. म्हशीची लाथ दोनदा खाल्ली. पोळ्याच्या आदल्या दिवशी शिंगांना गेरू लावला. पंचवीस बैलांची नावं 'वरीलप्रमाणे' अशी लिहिली. एक मात्रा सांडली आणि खोटी नोंद केली. खोटं चौसष्ट बैलांना आणि एका बाईला पचलं नाही. नंतर ह्याला स्वतःलाही पचलं नाही. धरून आणावं लागलं नाही, आपण होऊन बोलला. उन्हातला बैल तापलेला पाहून तीन कोस धावला. खोटं बोलण्यात अत्यंत कच्चा आहे. सबब नोकरीस लायक.'

बाजूच्या मेजावरचे दोघे लेखण्या खाली ठेवून ऐकत होते. माझे कान सरदारच्या शिंगांच्या रंगाचे झाले होते.

म्हाताऱ्यानं कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "चाळीस वर्षं शिफारशी वाचून राहिलो. समद्या एका छापाच्या. ही पहिलीच खरी वाटून राहिली." मग शिक्का उचलला आणि तो तसाच हवेत थांबला. "पण मारू कुठं? गुन्ह्यांनी पान भरलं, जागाच ठेवली न्हाई की."

त्यानं शोधून शोधून शेवटच्या ओळीवर शिक्का दाबला. शाई जरा जास्त होती. ती सनदेला जोडलेली शिफारस माझ्यापाशी अजून आहे. एरंडेल स्वच्छ वाचता येतं, म्हैस वाचता येते, गेरू तर लांबूनही दिसतो. फक्त 'लायक' हा शब्द शिक्क्याखाली गेलाय. तो लोकांना मलाच सांगावा लागतो.